जहाजाचा सा

जहाजावरची वीज साठ सायकलची असते. सिंगापूरच्या जमिनीवरची पन्नास.

*

कागदावर एक रेघ. डावीकडून निघते तेव्हा आडवी, शांत समुद्रावरच्या क्षितिजासारखी. चार हजारच्या खुणेपाशी तिचा आधार सुटतो आणि ती खाली पडते. कागद वॉशिंग मशीनच्या वॉरंटीच्या फोल्डरमध्ये आहे. तिथे कुणी बघत नाही.

*

नोंद ३१. रविवार. जागा: बुकित बातोक, कारखान्यांची इमारत, चौथा मजला, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याच्या शेजारी. श्रोते: नऊ, मी धरून. पंखा: एक, बेअरिंग जाण्याच्या बेतात. काय ऐकलं: एका बाईंनी सोयासॉसच्या रिकाम्या बरण्यांत पाणी भरून वाजवलं. पाचवी बरणी किंचित उतरलेली. सांगितलं नाही.

*

"मायक्रोवेव्ह कधीचा ओरडतोय, अहो! ऐकू येत नाही का?"

"पेपर वाचत होतो."

*

इस्त्रीचं टेबल. त्यावर कुणी कधी इस्त्री केली नाही.

*

सहा मिनिटं चाळीस सेकंद.

*

"बाबा, आपण नक्की कुठे चाललोय?"

पासिर रिसहून सुटलेली एमआरटी बुओना व्हिस्टा सोडून पुढे निघाली होती. एवढ्या वेळात जाईने पहिल्यांदाच फोनमधून डोकं वर काढलं.

"बुकित बातोक. जुराँग ईस्टला गाडी बदलायची."

"ते माहितीये. पण तिथे आहे काय? आई म्हणते नुसते कारखाने आहेत."

"आहेत ना."

"मग रविवारी कारखान्यात कोण गातं?"

"रविवारीच गातात. बाकीचे दिवस कारखाने चालू असतात."

जाईने थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. वीस वर्षांची मुलगी, पॉलिटेक्निकला सुट्टी लागलेली. सुट्टीतला रविवार बापाबरोबर घालवायची हौस तिला नव्हती.

"आईने मला स्पाय म्हणून पाठवलंय, ओके? मी सगळं रिपोर्ट करणार."

"कर की."

अरुणाचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. सत्तावन्न वर्षांचा नवरा. एकोणतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घासलेला, सहा वर्षांपूर्वी जमिनीवर येऊन ऑफिसच्या खुर्चीत टेकलेला. तो एकाएकी दर दुसऱ्या रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला लागतो, आणि विचारलं तर सांगतो, 'एक नवीन बाई आहेत, बरण्या वाजवतात.' कुठल्या बायकोला हे पटेल? "लोकांचे नवरे रविवारी देवळात जातात, नाहीतर मंडळात नाटकाच्या तालमीला," अरुणा म्हणायची. "आमचे मयेकर गोदामात जातात."

गोपीनाथ मयेकर यावर हसायचा आणि बूट घालायचा.

खरी गोष्ट त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. त्याने मन लावून दाबलं आणि सगळे आवाज पकडले अशा समजुतीत बाहेर आला. डॉक्टरने कागद त्याच्याकडे फिरवला.

"इंजिनरूम?"

"एकोणतीस वर्षं."

"कानात बोळे घालत होतात?"

"जेव्हा आठवण व्हायची तेव्हा."

डॉक्टर हसला नाही. गेलंय ते परत येणार नाही, म्हणाला, आणि रेघ अजून खाली येत राहील. आधी वरचे सूर जातील, मग हळूहळू माणसांचं बोलणं.

त्या दिवशी घरी येताना सव्वा तास गाडीत बसून गोपीनाथने विचार केला. लहानपणापासून ऐकलेली गाणी डोक्यात आहेत. ती ऐकायला कान लागत नाहीत. डोळे मिटले की आपोआप सुरू होतात. मग उरलेले कान वापरायचे कशासाठी? जे अजून ऐकलंच नाही त्यासाठी. आणि जे लाखो लोक ऐकतात त्यांचं आपल्यावाचून काही अडलेलं नाही. जिथे अकराच ऐकणारे आहेत तिथे बाराव्याचा काही उपयोग होईल.

पासिर रिस येईपर्यंत विचार पक्का झाला. तेव्हापासून तो शोधत सुटला. एकाच्या रेकॉर्डिंगखाली दुसऱ्याचं नाव असायचं, दुसऱ्याच्या पानावर तिसऱ्याच्या कार्यक्रमाचा पत्ता. दिवसा औषधांच्या दुकानात बसणारा एक जण बंद पडलेल्या लिफ्टमध्ये सनई फुंकायचा. एका शाळामास्तरांनी पावसाळी गटारात माइक सोडून अख्खा अल्बम केला होता. गोपीनाथला यातलं सगळं आवडत होतं असं नाही. पण इंजिनच्या लॉगबुकसारखी त्याने एक वही घातली होती आणि त्यात तो नोंदी करायचा. आवडलं की नाही असा रकानाच नव्हता.

"तुला खरंच आवडतं हे?" आता जाईनेही नेमकं तेच विचारलं. "सीरियसली?"

"ते अजून ठरवलं नाही. आधी ऐकून तरी घेऊ."

आज मात्र तो एका ठरावीक सुरासाठी निघाला होता. हुई मिन नावाच्या मुलीचं एक रेकॉर्डिंग होतं, एकोणीस मिनिटांचं. खाली एक घरघर, अखंड. तिच्यावर तारा. रेकॉर्डिंगच्या पानावर लोकांनी चार अभिप्राय लिहिले होते आणि चारही एकाच जागेबद्दल होते. 'सहा चाळीसला अंगावर काटा आला.' 'सहा चाळीसला ती जे करते त्यासाठी मी पुन्हा पुन्हा इथे येते.' गोपीनाथने ती जागा तीसेक वेळा ऐकली होती. त्याला सहा चाळीसला घरघर ऐकू यायची. त्याने नवे हेडफोन घेतले, मग त्याहून चांगले घेतले. मग असं ठरवलं की रेकॉर्डिंगच नीट झालेलं नसणार. समोर बसून ऐकलं की येईल.

हे आपण स्वतःला सांगतोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

*

चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली तर रेक्झिनचा आणि गोंदाचा वास. खोलीत डझनभर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या पुढच्या दोन खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरलेली.

"अंकल मयेकर!" हुई मिन इस्त्रीच्या टेबलामागून ओरडली. बत्तीस वर्षांची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. "तुमच्यासाठी आणि डॉटरसाठी जागा चोप करून ठेवलीय. बसा, बसा."

इस्त्रीच्या टेबलावर अकरा तारा ताणलेल्या होत्या. बाजूला स्टँडवर एक जुनी पितळी झांज, तिच्याजवळ व्हायोलिनचा गज. मागे एक म्हातारा अँप्लिफायर, त्यातून तीच ती घरघर. रेकॉर्डिंगमधलीच. गोपीनाथला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. खोलीत चार ठिकाणी माइक उभे होते.

"आज रेकॉर्ड करतेय," हुई मिन म्हणाली. "नवीन अल्बम. एकच टेक. उद्यापासून ही खोली दुसऱ्याची. भाडेपट्टा संपला."

"म्हणजे आजच काय ते?"

"आजच काय ते."

पहिल्या अर्ध्या तासात औषधाच्या दुकानवाल्याने सनई वाजवली. मग मध्यंतर झालं, आणि सगळे करी पफ खायला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेले. हुई मिनही गेली. जाईला तिथे शाळेतली कुणीतरी ओळखीची भेटली आणि तिच्या तोंडून फटाफट इंग्रजी सुरू झालं.

गोपीनाथ आत राहिला. त्याला अँप्लिफायरला हात लावून बघायचा होता. ही त्याची जुनी सवय. यंत्र काय म्हणतंय ते कानाला कळण्याआधी तळव्याला कळतं. एकोणतीस वर्षं त्याने असेच पंप आणि जनरेटर तपासले होते. त्याने अँप्लिफायरच्या लोखंडी पाठीवर पंजा टेकला.

मुंग्या आल्या. घरघरीच्या नव्हेत, विजेच्या.

पुढचं त्याने विचार करून केलं नाही. आधी स्विच बंद. मग प्लग काढला. मग एक्स्टेंशन बोर्ड उलटा केला आणि खिशातला लहान स्क्रू ड्रायव्हर काढला, जो तो कंपनीच्या जेवणांनाही घेऊन जायचा. बोर्डाच्या आत अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर स्क्रूतून सुटून लोंबत होती. त्याने ती नीट सोलली, पिळली, बसवली, स्क्रू आवळला. ओढून पाहिली. बोर्ड बंद केला, प्लग लावला, स्विच चालू केला, पुन्हा पंजा टेकला. मुंग्या गेल्या. सगळं मिळून सहा मिनिटं.

अँप्लिफायर एकदम शांत झाला होता. गोपीनाथने रुमालाने हात पुसले आणि टिश्यूच्या पाकिटाशेजारी येऊन बसला. छाती थोडी फुगली होती.

*

हुई मिनने माइक चालू केले, डोळे मिटले, पहिली तार छेडली.

थांबली. दुसरी छेडली. डोळे उघडून ती अँप्लिफायरकडे बघत राहिली.

"हम कुठे गेली? ती घरघर?"

ती गुडघ्यांवर बसली, अँप्लिफायरला कान लावला. "माझी हम कुठे गेली? मी सकाळपासून तारा तिच्यावर लावल्यात. अकराच्या अकरा. हू टच्ड माय अँप?"

गोपीनाथने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"बाबा!" जाईचा आवाज फाटला. "यू कॅनॉट एनीहाऊ टच पीपल्स थिंग्ज, लाह!"

"अर्थिंग सुटलेलं होतं," गोपीनाथ हुई मिनला म्हणाला. "मी आवळलं. मला वाटलं तो दोष आहे."

"अंकल, तो दोष नाही. तो माझा बेस आहे. तीन वर्षं मी त्याच्यावर वाजवतेय." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "ठीक आहे. परत सैल करा. कॅन? पाच मिनिटं थांबू."

गोपीनाथ उभा राहिला. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने स्क्रू ड्रायव्हरला खिशातच हात लावला आणि तसाच ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "ते मी करणार नाही."

"व्हॉट?"

"तू त्याला हात लावतेस. घामेजलेले हात. आज मुंग्या येतायत. एखाद्या दिवशी मुंग्यांवर थांबणार नाही. सॉरी पाहिजे तेवढ्या वेळा म्हणतो. पण आवळलेलं अर्थिंग परत सोडायला मला सांगू नकोस."

जाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. औषधवाला हळूच म्हणाला, "फोनवर अ‍ॅप आहे. शंभर हर्ट्झचा टोन देतं." हुई मिनने मान हलवली. "ट्राय केलंय. मेलेला असतो तो. हलत नाही." ती जमिनीवरच बसून राहिली. एका माइकचा लाल दिवा अजून लागलेला होता.

गोपीनाथला त्या क्षणी काय वाटलं ते त्याने नंतर वहीत लिहिलं नाही. एवढंच, की एक सूर ऐकायला तो आला होता आणि त्याच्याच हाताने तो सूर येणारच नाही अशी व्यवस्था झाली होती. आणि उद्यापासून ही खोली दुसऱ्याची.

तो पुढे जाऊन इस्त्रीच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसला. पाठ ताठ केली. ओठ मिटले आणि घशातून घरघर काढली. इंजिनरूममध्ये चार-चार तासांच्या पाळीत माणूस जनरेटरबरोबर गुणगुणायला लागतो. सगळेच लागतात, कुणी कबूल करत नाही. सूर भरीव लागला. खालच्या फरशीतून निघाल्यासारखा.

हुई मिनने मान वर केली. क्लिपसारखा एक चिमुकला ट्यूनर उचलून त्याच्या गळ्याजवळ धरला.

"एकशे वीस," ती म्हणाली. "मला शंभर हवा."

गोपीनाथ थांबला, घसा खाकरला, खाली उतरला. शंभर. दहा सेकंद तिथे टिकला असेल, मग ट्यूनरचा काटा हळूहळू सरकला आणि पुन्हा एकशे वीसवर जाऊन बसला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

"एकशे वीस का पण?"

"साठची दुप्पट." त्याला स्वतःलाच आत्ता उलगडत होतं. "जहाजावर वीज साठ सायकलची असते. इथे तुमच्याकडे पन्नास, म्हणून तुझी हम शंभरची. मी बहुतेक अजून तिकडच्याच विजेवर चालतोय."

मागून कुणीतरी हसलं. मग हुई मिनही हसली, नको असताना हसू यावं तशी. तिने अकरा तारांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा सा जिथे होता तिथून त्याचा बरोबर कोमल गंधारावर होता.

"ओके, अंकल. तुम्ही हलू नका. मी वर येते."

आणि तिने एकेक खुंटी पिळायला घेतली. बारा-पंधरा मिनिटं लागली. लोक बसून राहिले. कुणी फोन काढला नाही. गोपीनाथ मधूनमधून सूर देत होता, ती तार चढवत होती, ऐकत होती, मान हलवत होती. सातवी तार तुटली. ती म्हणाली, "दहा पुरे."

*

श्वास घ्यायला तो थांबायचा तेव्हा ती तारा दाट करायची. त्याचा सूर आला की विरळ व्हायची. तिसऱ्या मिनिटापासून त्याला आपण बसलोय कुठे याचा विसर पडला. तळव्याखाली खुर्चीची कड थरथरत होती. नाकाला उगाचच डिझेलचा वास आला.

मग हुई मिनने गज उचलला आणि झांजेच्या काठावर ठेवला.

गोपीनाथने डोळे उघडे ठेवले होते. तिचा हात सावकाश खाली येत होता, गजाचे केस काठावर घासत होते. त्याला त्याची घरघर ऐकू येत होती. तारा ऐकू येत होत्या. गज चालत होता आणि त्यातून काही निघत नव्हतं.

त्याने श्रोत्यांकडे पाहिलं. औषधवाल्याची मान वर गेली. मागच्या रांगेतल्या दोन मुलींची गेली. एक बाई हातातला करी पफ तसाच धरून छताकडे बघायला लागल्या, जणू तिथून काही उतरत होतं. जाईने तोंडावरचे हात कधीच काढले होते. ती डोळे न मिटता, ओठ किंचित उघडे ठेवून, पंख्याच्या वर कुठेतरी बघत होती. आईच्या कडेवर असताना विमान दिसलं की ती अशी बघायची.

म्हणजे आता आहे, गोपीनाथने ओळखलं. आणि सूर सोडला नाही.

*

परतीच्या गाडीत जाई बराच वेळ फोनवर टाइप करत होती.

"स्पाय रिपोर्ट?"

"हं. लिहिलं, बाबाने अँप बिघडवला, मग दुरुस्त केला, नाही, उलट. मग बाबा गायला." फोन वाजला. ती हसली. "आई विचारते, कोण? हे?"

पुढची दोन-तीन स्टेशनं गेली.

"जाई, तो शेवटी शेवटी गज लावला ना तिने. कसा होता सूर?"

"म्हणजे? तू तिच्या बाजूलाच बसला होतास."

गोपीनाथने हातातली वही सरळ केली. "मला खालचं येतं ऐकू. वरचं येत नाही."

"कधीपासून?"

"कागद दोन वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही."

बापाने घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती रडेल अशी त्याला भीती होती. ती रडत नव्हती. कपाळाला आठी घालून खिडकीबाहेर बघत होती. अवघड गणित समोर आलं की ती अशीच बसायची.

"म्हणजे बघ," ती शेवटी म्हणाली. "तो आधी येतच नाही. तुझा आवाज आहे, तारा आहेत. मग एकदम कळतं की तो मघापासून आहे. लाइक, एअरकॉन बंद झाल्यावर कळतं ना, की चालू होता? त्याच्या उलट."

"बारीक?"

"बारीक. पण वीक नाही. सरळ. वायरसारखा." तिने हवेत एक रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे, न पडणारी. "माझा प्रायमरी थ्रीचा रेकॉर्डर आठवतो तुला? ती क्रीम कलरची प्लास्टिकची बासरी? चुकून जोरात फुंकलं की जो आवाज यायचा आणि आई किचनमधून ओरडायची? तो. पण क्लीन. आणि न घाबरलेला."

"आठवतो," गोपीनाथ म्हणाला.

"मग तोच. तुला माहितीच आहे."

तिने तिचे इअरफोन काढून खिशात घातले आणि त्याच्या खांद्याला टेकून बसली. पासिर रिसपर्यंत दोघंही गाडीचा आवाज ऐकत होती.

*

नोंद ३२. रविवार. जागा: तीच, शेवटची वेळ. श्रोते: अकरा, मी न धरता. पंखा: तोच. अर्थिंग: ठीक. काय ऐकलं: दहा तारा, एक घरघर. झांजेचा सूर रेकॉर्डरसारखा, पण स्वच्छ. हे जाईकडून.

*

जाई तिसरीत असताना शाळेत रेकॉर्डर शिकली. जानेवारी ते मे ती तो रोज संध्याकाळी वाजवायची. गोपीनाथ त्या वर्षी दोन जानेवारीला डर्बनला जहाजावर चढला आणि ऑगस्टमध्ये उतरला.